सोंग आणि ढोंग

आजचं वाचन : मत्तय ६:१-४, सोबत योहान १:१४



आज ६ डिसेंबर. महाराष्ट्रात ही तारीख म्हटली की पहिली आठवण बाबासाहेबांची. आमच्या गल्लीतली बरीच माणसं परवाच परभणीहून रेल्वेनं दादरला गेलीत. गल्ली शांत आहे, आणि मी गच्चीवर उन्हात लॅपटॉप घेऊन बसलोय. (नवीन वाचकांसाठी : मी पुण्यात नोकरी करतो, पण डिसेंबरात मॅनेजरच्या हातापाया पडून घरून काम करायची परवानगी काढतो आणि जिंतूरला येतो.) याच तारखेला जगातल्या कितीतरी मंडळ्या आणखी एका माणसाची आठवण करतात. मायरा गावचा बिशप निकोलस. त्याच्याच नावाचा पुढं सांताक्लॉज झाला. आणि सांताक्लॉजवरून आमच्या मंडळीत गेल्या रविवारी चांगलंच वाजलं.

झालं असं. उपासनेनंतर तरुण संघाची मीटिंग होती. तारा कुठं लावायचा, करंज्या कोणाच्या घरी करायच्या, कॅरोलसाठी टेम्पो कोणाचा, इथपर्यंत सगळं गोडीत चाललं. मग कुणीतरी विचारलं, "यंदा सांता कोण?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण गेल्या वर्षी मीच होतो. तेवढ्यात मागं बसलेले एक वडीलधारे काका उठले आणि म्हणाले, "सांता बंद करा. हे देवाचं घर आहे, सर्कस नाही."

काकांकडं तीन कारणं होती. पहिलं व्हॉट्सअॅपवरचं : इंग्रजीत सांताची अक्षरं इकडची तिकडं केली की सैतान होतो. हे दरवर्षी फिरतं, तुम्हालाही आलं असेल. अहो, अक्षरं हलवून सैतान निघतो म्हणून घाबरायचं ठरवलं तर शब्दकोशच बंद करावा लागेल. 'सांता' म्हणजे संत, पवित्र माणूस. डच लोक संत निकोलसला 'सिंटरक्लास' म्हणायचे, अमेरिकेत गेल्यावर त्याचं सांताक्लॉज झालं, बस. (आपला 'संत' आणि त्यांचा 'सांता' एकाच मुळातले वाटतात, पण नाहीत. नुसता योगायोग आहे, तरी मला आवडतो.)

दुसरं कारण : "आपल्या जुन्या लोकांनी असलं काही केलं नाही." यावर मी मीटिंगमध्ये गप्प बसलो, कारण काकांचं म्हणणं त्यांना वाटतं त्याहूनही जास्त खरं आहे. आमच्याकडून एसटीनं जालन्याला गेलं की तिथं बेथेल आहे. नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं निजामाच्या मुलखात, आपल्या मराठवाड्यात, सुवार्ता घेऊन आले. ते ज्या मिशनचे होते ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. आणि स्कॉटलंडची ती मंडळी सांता सोडा, नाताळच पाळायची नाही! शास्त्रात तारीख दिलेली नाही, मग सण कसला, असं त्यांचं सरळ म्हणणं. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. इंग्लंडमध्ये प्युरिटन लोकांनी १६४७ मध्ये नाताळवर बंदीच घातली होती. म्हणजे या सणाबद्दल शंका घेणारे सगळेच अविश्वासू होते असं मुळीच नाही. त्यातले कित्येक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बायबल वाचणारे होते.

आणि त्यांचं खरंही आहे. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद सापडते ती रोममध्ये, इसवी सन ३३६ ची. लूक आणि मत्तय दोघंही तारीख सांगत नाहीत. 'नाताळ' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला आहे. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात हा वाद आधीच सोडवून ठेवलाय. एखादा एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. दोघांनीही प्रभूसाठी मानावं आणि एकमेकांना तुच्छ लेखू नये. माझी अडचण ही की मी स्वतः काकांना थोडंसं तुच्छ लेखत होतो. मनात म्हणत होतो, हे जुनं खोड.

काकांचं तिसरं कारण मात्र मला लागलं. ते म्हणाले, "बाहेरच्यांना वाटतं तो म्हाताराच आपला देव आहे."

हे शंभर टक्के खरं आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना कदाचित कळणार नाही, पण जिंतूरसारख्या गावात आपली घरं थोडी. लोकांना आपल्याबद्दल जे कळतं ते टीव्हीवरून, मोबाइलवरून आणि इंग्रजी शाळेच्या नाताळ कार्यक्रमातून. २४ तारखेला शाळेत खिडक्यांना कापूस चिकटवतात, बर्फ म्हणून. बर्फ आमच्याकडं कुणी पाहिलेला नाही, पण कापूस घरचाच, शेतातून वेचून आणलेला. लाल टोपी घातलेली पोरं नाचतात, चॉकलेटं मिळतात, घरी जातात. आमच्या शेजारच्या पाचवीतल्या मुलानं मला एकदा विचारलं होतं, "दादा, तुमचा देव सांता ना? मग तुम्ही दाढी का नाही ठेवत?" मी हसलो. नंतर रात्री झोप येईना. मी याच्या शेजारी वाढलो, याच्या घरी दिवाळीचा फराळ खातो, आणि याला माझ्या प्रभूचं नावसुद्धा माहीत नाही. माहीत आहे ती टोपी.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो.

माझी भाची तेव्हा सहा वर्षांची. कार्यक्रमात मी सांता झालो. ड्रेस परभणीहून भाड्यानं आणलेला, पोटाला उशी, दाढी इतकी टोचणारी की गाण्याच्या मध्येच मला शिंका आल्या. मुलांना गोळ्या वाटल्या, घंटा वाजवली, "हो हो हो" केलं. नंतर तीच मुलं नाताळच्या नाटिकेत गेली. घरी आल्यावर ताईनं सांगितलं, भाची काही बोलत नाहीये. जेवताना तिनं माझ्या पायाकडं बोट दाखवलं. "सांताच्या पायात तुझीच चप्पल होती."

मी म्हटलं, "हो गं, मीच होतो."

ती बराच वेळ विचार करत भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "मामा, सांताचं काम तू करतो. मग येशूचं काम कोण करतं?"

टेबलावर सगळे हसले. मी पण हसलो. पण मित्रांनो, मुलीला विनोद करायचा नव्हता. तिचा हिशोब अगदी सरळ होता. मोठ्या माणसांनी तिला दोन नावं सांगितली, दोघांबद्दल "तो तुला पाहतो" असं सांगितलं, दोघांबद्दल "शहाण्यासारखं वाग" असं बजावलं. त्यातला एक मामा निघाला. मग दुसऱ्याच्या आत कोण असेल, हे तिनं विचारलं तर चूक काय? नाटिकेत येशूबाळ म्हणून ठेवलेली बाहुलीही तिचीच होती. तिची शंका आणखीच पक्की झाली असणार.

मी तेव्हा काय उत्तर दिलं? "जेव आधी." हेच. ब्लॉगवर रोज वचन लिहिणारा मी.

नंतर मला वाटलं, दोष फक्त सांताचा नाही. आपल्या गव्हाणीच्या देखाव्यातही किती गोष्टी आपणच आणून बसवल्यात ते पाहा. संडेस्कूलच्या नाटिकेत मी लहानपणी उंटाचे मागचे पाय होतो. (पुढचे पाय ज्याच्याकडं होते तो आज पोलिसात आहे.) बायबल उघडून मत्तय २ वाचा. उंटाचा उल्लेख नाही. मागी लोक तीन होते असं लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या : सोनं, ऊद आणि गंधरस. ते राजे होते असंही नाही. आणि ते आले ते घरात, गव्हाणीपाशी नाही. लूक २ मध्ये उतारशाळेत जागा नव्हती एवढंच आहे, दार लावून घेणारा तो खडूस उतारशाळेवाला, ज्याची भूमिका करायला सगळी मुलं धडपडतात, तो कुठंच नाही. मरीया गाढवावर बसून आली हेही नाही. बैल आणि गाढव तर यशया १:३ वरून लोकांनी गोठ्यात आणून बांधले. म्हणजे लोककथा आपल्या घरात केव्हाच येऊन बसलीय, आपल्याच चटईवर. काकांनी त्या उंटाला कधी हाकललं नाही. त्यांच्याच शालीचं तर आम्ही उंटाचं कातडं केलं होतं.

पण लोककथा आली म्हणजे खोटं आलं असं मला वाटत नाही. आपण मराठी माणसं याबाबतीत भाग्यवान आहोत, कारण आपल्याकडं 'सोंग' हा शब्द आहे. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा. कधी फौजदार होऊन, कधी वनखात्याचा साहेब होऊन. दम द्यायचा, "चला, वॉरंट आहे!" आम्ही पोरं आजीच्या मागं लपायचो आणि तरी आम्हाला पक्कं ठाऊक असायचं की हा बहुरूपी आहे. शेवटी तो हात जोडायचा, आजी सुपातली ज्वारी द्यायची. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा, तेव्हाही तसंच. पैठणच्या एकनाथांनी भारुडं लिहिली, त्यात जोशी, गोंधळी, वासुदेव अशी सोंगं घेऊनच शिकवण दिलीय. सोंग पाहणाऱ्याला माहीत असतं की हे सोंग आहे. त्यात कुणी फसत नाही, आणि मजा तसूभरही कमी होत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांनीही हे रूप परकं मानलं नाही. फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते ओव्यांत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हातात टाळ घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. तेव्हाही कुणाला तरी वाटलंच असेल, देवाचं घर आहे, हे काय चाललंय.

मग निकोलसचं काय? चौथ्या शतकात मायरा इथं, आजच्या तुर्कस्तानाच्या किनाऱ्यावर, तो बिशप होता. त्याच्या आयुष्याबद्दल पक्कं असं फार थोडं हाती आहे, गोष्टी मात्र पुष्कळ, आणि त्या बहुतेक नंतरच्या लोकांनी लिहिलेल्या. निकियाच्या परिषदेत त्यानं एरियसच्या कानाखाली वाजवली, हा मीम तुम्ही पाहिला असेल. तीही मागाहून आलेली दंतकथाच. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी आमच्या घरात सांगितली तेव्हा ताईनं हातातली पोळी तव्यावरच करपू दिली.

एका माणसाला तीन मुली. एके काळी बरं चाललेलं, मग सगळं बुडालं. मुलींच्या लग्नात द्यायला हुंडा नाही. हुंडा नाही म्हणून लग्न नाही, आणि बापाच्या मनात मुलींना वाईट मार्गाला लावायचा विचार येऊ लागला. निकोलसला हे कळलं. रात्री अंधारात तो त्यांच्या घरापाशी गेला आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून आला. थोरलीचं लग्न झालं. पुन्हा एका रात्री दुसरी थैली. तिसऱ्या वेळी बाप जागाच राहिला, मागं धावला, आणि त्याला पकडलं. निकोलसनं त्याला एकच अट घातली : कुणाला सांगायचं नाही.

मोजे, चिमणी, पोतं, हे सगळं याच गोष्टीचे पुढचे फुगवटे आहेत. रेनडिअरची गाडी १८२३ सालच्या एका अमेरिकन कवितेनं गाजवली, पोट आणि दाढी थॉमस नास्ट नावाच्या चित्रकारानं १८६३ पासून रंगवली, आणि शीतपेयाच्या जाहिरातीनं १९३१ नंतर ते रूप जगभर पोचवलं. पण मुळाशी आहे ती एका कर्जबाजारी बापाची आणि हुंड्याची गोष्ट. मित्रांनो, ही काही परक्या देशातली गोष्ट राहिली का? ही परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावची आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, आणि आजही आमच्याकडं बाप मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकतो. "आपल्यात नसतं हं हे" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच मंडळीतल्या मागच्या पाच लग्नांत गाडी कुणी कुणाला 'प्रेमानं' दिली ते आठवावं.

ताई मात्र गोष्ट ऐकून म्हणाली, "थैल्या टाकत बसण्यापेक्षा बिशपनं नवरदेवाकडच्यांना धरून झापायला पाहिजे होतं." मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

गेल्या वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री तरुण संघानं ब्लँकेटं वाटली. परभणीची थंडी तुम्हाला माहीत असेल, डिसेंबरात कृषी विद्यापीठातला तापमानाचा आकडा पेपरच्या पहिल्या पानावर येतो. आम्ही एसटी स्टँडवर गेलो. मी सांताच्या ड्रेसमध्ये. आयडिया माझीच. एक मावशी बाकावर अंग चोरून बसल्या होत्या, शेजारी पिशवी. मी "मेरी ख्रिसमस मावशी" म्हणत ब्लँकेट त्यांच्या खांद्यावर पांघरलं, त्या दचकून वर बघायला लागल्या, आणि मित्रानं शूट केलं. मागं गाणं टाकलं, खाली वचन टाकलं. कुठलं वचन? विचारू नका. रील चांगलीच चालली. कधी नव्हे ते काही हजार लोकांनी पाहिली. मला वाटलं, प्रभूचं नाव पोचतंय.

मार्चमध्ये एक फोन आला. पलीकडं एक मुलगा, माझ्याच वयाचा, चाकणला कंपनीत कामाला. म्हणाला, "तुमच्या व्हिडिओतली बाई माझी आई आहे." त्या दवाखान्यातून परत निघाल्या होत्या, शेवटची गाडी चुकली म्हणून स्टँडवर बसल्या होत्या. घरची शेती आहे, घर आहे. मुलीचं लग्न जमत होतं, आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. "तुमच्या विहीणबाई स्टँडवर मागत बसतात का?" असं कुणीतरी बोललं. तो मुलगा शिव्या देत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रील मी त्याच मिनिटाला काढली. पण कुणाकुणाच्या मोबाइलमधून काढणार? रविवारी ताईला घेऊन मी त्यांच्या गावी गेलो, येलदरी धरणाच्या बाजूला आहे. मावशींनी चहा केला. ब्लँकेट आतल्या खाटेवर घडी करून ठेवलेलं दिसत होतं. मी पाया पडलो, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ब्लँकेट चांगलं हाय बाबा, ऊब लई हाय. पर फोटू काहून काढला?" मला काही बोलता येईना. मग त्या अगदी शांतपणे, नुसतं समजून घ्यायचं म्हणून म्हणाल्या, "तुझं तोंड दाढीत झाकलेलं व्हतं. माझं उघडं व्हतं."

परत येताना ताई पूर्ण रस्ता गाडीवर मागं गप्प बसली होती.

त्या आठवड्यात मी मत्तय ६ पुन्हा वाचला. सरावानं वाचून गुळगुळीत झालेला अध्याय. दानधर्म करताना पुढं कर्णे वाजवणाऱ्यांबद्दल प्रभू बोलतो, आणि उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये असं सांगतो. ज्यांना तिथं ढोंगी म्हटलंय, त्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'हुपोक्रितेस'. त्या भाषेत त्याचा साधा अर्थ नट, रंगमंचावर काम करणारा. म्हणजे नट असणं हा गुन्हा नाही. नाटक चालू आहे हे लपवून नाटक करणं, ते ढोंग. सोंग आणि ढोंग यात फरक तेवढाच, आणि तेवढा पुष्कळ आहे. मंडळीच्या हॉलमध्ये मुलांपुढं मी सांता झालो ते सोंग होतं, फार तर कच्चं सोंग, कारण आधी सांगितलं नाही. स्टँडवर मी जे केलं ते ढोंग होतं. तिथं लाल डगला घातला म्हणून नाही. दान देतोय असं दाखवत मी व्ह्यूज घेत होतो म्हणून. निकोलसनं अंधार वापरला तो स्वतःला झाकायला आणि त्या मुलींची अब्रू झाकायला. मी त्याचीच दाढी लावली आणि उलटं केलं.

आणि मग भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथंच सापडलं, थोडं उशिरा. येशूचं काम कोण करतं? कुणीच नाही, कारण येशू हे सोंग नाही. योहान १:१४ सांगतं की शब्द देह झाला. देहाचा डगला घातला आणि कार्यक्रम संपल्यावर काढून ठेवला, असं नाही. पहिल्या शतकातही काही जण असंच म्हणायचे, की ख्रिस्त नुसता माणसासारखा दिसायचा, आत दुसरंच काही होतं. म्हणून तर योहान आपल्या पहिल्या पत्रात इतका हट्टानं लिहितो : आम्ही ऐकलं, पाहिलं, हातांनी चाचपलं. तो भुकेला झाला, दमून विहिरीपाशी बसला, मित्राच्या कबरेपाशी रडला. वधस्तंभावर जे रक्त सांडलं ते रंगाचं नव्हतं. पुन्हा उठल्यावरही त्यानं थोमाला हाताचे व्रण दाखवले, म्हणजे तो देह त्यानं तेव्हाही टाकला नाही. सांता रात्री नऊ वाजता दाढी काढतो आणि ड्रेस परत करायला परभणीला जातो.

हे मी भाचीला असंच सांगितलं नाही, ती सहा वर्षांची होती. मी बॅगेतून माझ्याकडं राहिलेली टोपी काढली, तिच्या डोक्यावर घातली आणि विचारलं, "कोण आहेस?" ती म्हणाली, "सांता." टोपी काढली. "आता?" तिनं तिचं नाव सांगितलं. म्हटलं, "सांता असा असतो, घालायचा आणि काढायचा. येशूला टोपीच नाही. काढायला काही नाहीच. तो तोच आहे." ती म्हणाली, "बरं." आणि टोपी घेऊन पळाली. तिला पटलं की फक्त टोपी हवी होती, देव जाणे.

तर रविवारच्या मीटिंगमध्ये मी शेवटी उभा राहिलो आणि एवढंच मांडलं. सांता येऊ द्या, पण बहुरूप्यासारखा येऊ द्या. मी मुलांसमोर, उजेडात, ड्रेस घालणार. दाढी लावताना मुलांनाच दोरी बांधायला लावणार. मग निकोलसची गोष्ट सांगणार, हुंड्यासकट, आणि ही फार जुनी सांगोवांगीची गोष्ट आहे हेही सांगणार. गोळ्या वाटून झाल्या की सगळ्यांदेखत डगला उतरवून, घडी करून, खाली सतरंजीवर येऊन बसणार. त्यानंतर नाटिका, आणि गव्हाणीपुढं लूक २ चं वाचन. शेजारच्या त्या मुलालाही, जो आता सहावीत आहे, मी बोलावलंय. त्याच्या आईनं हो म्हटलंय.

ब्लँकेटांचं ठरलं ते वेगळं. जाताना सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत घालून काकांच्या घरी ठेवायचे. ड्रेस नाही, बॅनर नाही. कुठं गेलो, कुणाला दिलं, ते या ब्लॉगवर येणार नाही. (हे लिहितोय म्हणजे थोडा कर्णा वाजलाच, हे मला कळतंय.)

काका पूर्ण राजी झालेले नाहीत. त्यांनी सांगितलंय, कॅरोल घेऊन त्यांच्या दारात जायचं तर टोपी काढून जायचं. आम्ही काढून जाणार आहोत. मोबाइलची पिशवी ठेवून घ्यायला मात्र ते लगेच तयार झाले, आणि वर म्हणाले की दोन ब्लँकेटं माझी धरा.

आज प्रार्थनेत येलदरीच्या त्या मावशींची आठवण करा, नाव नको, प्रभूला माहीत आहे. त्यांच्या लेकीचं लग्न मे महिन्यात झालं. मला निमंत्रण नव्हतं.

प्रभू येशू, तू खरोखर आमच्यातला झालास. आमच्या हातून ज्यांची अब्रू उघडी पडली त्यांना तू सांभाळ. ज्या घरात आज मुलीच्या लग्नाची चिंता आहे तिथं कुणाला तरी पाठव, आणि पाठवायला कुणी नसेल तर आम्हाला उठव. मुलं आम्हाला अवघड प्रश्न विचारतात तेव्हा "जेव आधी" म्हणण्यापासून आम्हाला वाचव. आमेन.

उद्याचं वाचन : याकोब २:१४-१७